औंढ्याला लायगो येतंय, पण आपली लेकरं तिथं काय म्हणून जाणार?

गेल्या जूनमधली गोष्ट. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला गेले होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, मुद्दा त्या कॉलेजचा नाहीच. समोर पाचजण बसलेले. माझी फाईल चाळत एका सरांनी विचारलं, "मॅडम, पेपर किती?"

म्हणलं, "सहा आहेत सर. आणि तीन प्रोग्राम आहेत, पावसाच्या आकडेवारीचे. कुणीही वापरावेत म्हणून खुले ठेवलेत. बाहेरच्या दोन संशोधकांनी ते वापरून आपले पेपर लिहिलेत."

सर चांगले होते. मनापासून म्हणाले, "हे चांगलंय. पण हे कुठल्या रकान्यात बसवायचं?"

त्यांची चूक नव्हती. त्यांच्या हातातल्या कागदावर तसा रकानाच नव्हता. ती नोकरी मला मिळाली नाही, त्याचं रडगाणं गायला ही पोस्ट लिहीत नाहीये. ज्याला मिळाली तो माझ्यापेक्षा लायक असेल. पण तो रकाना काही डोक्यातून जाईना. म्हणून आज सविस्तर लिहिते. थोडं लांबेल, वेळ काढून वाचा.

आधी मी काय करते ते सांगते, कारण हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. आई शेजारणीला सांगते, "आमची पोरगी कॉम्प्युटरवर पाऊस मोजती." तसं ते फार चुकीचं नाही. माझं शिक्षण फिजिक्सचं. एमएस्सी नांदेडला, पीएचडी मराठवाड्यातल्या पावसावर. पण दिवसाचा बराच वेळ जातो प्रोग्राम लिहिण्यात. पन्नास वर्षांचे रोजचे आकडे हातानं कुणी तपासू शकत नाही. ते वाचायचे, साफ करायचे, गाळलेले दिवस शोधायचे, एका केंद्राचा आकडा शेजारच्या केंद्राशी ताडून बघायचा, हे सगळं प्रोग्राम करतो. आणि प्रोग्राम चुकला की विज्ञान चुकतं. प्रयोगशाळेत तराजू चुकीचा असावा तसंच.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. अण्णांकडून कळलं.

पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. मी औसा तालुक्यात माहेरी गेले होते. लॅपटॉपवर आमच्या भागाचा एक तक्ता उघडा होता, कुठल्या महिन्यात किती जोराचा पाऊस झाला त्याचा. अण्णा चहा घेत बाजूला बसले. सातवी शिकलेला माणूस. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, ह्या साली सात जानेवारीला एवढा पाऊस कुठला आणलास? त्या आठवड्यात मी रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी देत हुतो. पाऊस असता तर झोपलो नसतो का?"

मी म्हणलं, "अवकाळी असेल अण्णा."

ते म्हणाले, "अवकाळी ध्यानात राहतो, बाई."

रात्री मूळ फाईल उघडून बघितली. त्यात तारीख होती ०१/०७. आपल्यासाठी ती १ जुलै. माझ्या प्रोग्रामनं ती अमेरिकन पद्धतीनं वाचली, महिना आधी आणि दिवस नंतर. झाली ७ जानेवारी. १३ तारखेपासून पुढं मात्र सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस विस्कटलेले आणि बाकीचे नीट. आणि गंमत बघा, वर्षाची बेरीज एका मिलिमीटरनंही चुकत नव्हती. पाऊस त्याच वर्षात राहिला, फक्त जुलैचा जानेवारीत गेला. मी बेरीज ताडून बघितली होती, ती जुळली, म्हणून निर्धास्त होते.

प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात मी एक परिच्छेदही लिहून ठेवला होता, "या भागात अवकाळी पावसाचे प्रमाण वाढलेले दिसते." तो छापला गेला असता तर? आपल्याकडं महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनामे आणि मदत ठरते. अशा आकड्यांवर कुणी धोरण बसवलं आणि आकडेच एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात उड्या मारत असतील, तर भोगणार कोण? अण्णाच.

हा रोग माझ्या एकटीचा नाही. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञांनी छोटी नावं दिलेली असतात. त्यातली काही सेप्ट-२, मार्च-१ अशी होती. एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं, २ सप्टेंबर, १ मार्च. २०१६ साली एका अभ्यासात दिसलं की जनुकांच्या अशा एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही चूक आहे. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं सरळ जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल काही बदलेना, म्हणून विज्ञानानं मान तुकवली!

आता लायगोकडं येते.

नांदेडहून वसमतमार्गे गेलं की औंढा नागनाथ. तिथं दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया उभं राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ६ एप्रिल २०२३ ला २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतून हवा काढलेली, त्यातून लेसरचा किरण जातो-येतो. अवकाशातून गुरुत्वीय लहर आली की या नळांची लांबी बदलते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. एवढा बारीक बदल टिपायचा म्हणलं की रस्त्यावरचा ट्रकही आवाज करतो, वाराही करतो, दूरचा भूकंपही करतो. यंत्रातून जो आकड्यांचा प्रवाह येतो त्यात बहुतेक गोंगाटच असतो. लहर त्यात बुडालेली असते. ती काढतो प्रोग्राम.

पहिली लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, एक सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट. ओळखता येईल असा तो इशारा होता जेमतेम ०.२ सेकंदाचा. यंत्रं अमेरिकेत. पण इशारा आधी हेरला तो प्रोग्राममनं, आणि त्या प्रोग्रामचा निरोप आधी बघितला जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसलेल्या मार्को द्रागो या तरुण संशोधकानं. त्याला आधी वाटलं, कुणीतरी चाचणीसाठी खोटा इशारा घातला असेल.

या शोधात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडं तो फार थोड्यांना माहीत आहे. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न असा, की गोंगाटात बुडालेली लहर ओळखायची कशी? उत्तर असं, की लहर कशी दिसेल त्याचे साचे आधीच गणितानं काढून ठेवायचे आणि आलेल्या आकड्यांशी एकेक साचा जुळवून बघायचा. पण साचे किती घ्यायचे, कसे निवडायचे, म्हणजे संगणकाला झेपेल आणि लहरही निसटणार नाही? त्याचा हिशोब त्यांनी मांडला.

माळेगावच्या यात्रेत शेकडो घुंगरांच्या आवाजात मालकाला आपल्या बैलाचा घुंगरू कळतो की नाही? कारण तो आवाज आधीच कानात बसलेला असतो. तसंच हे. १९९१ साली लायगोची यंत्रं उभीही राहिलेली नव्हती. त्यानंतर २४ वर्षांनी लहर आली. चोवीस वर्षं माणसं साचे सुधारत, प्रोग्राम तपासत बसली. याला मी संशोधन म्हणते. तुम्ही काय म्हणाल?

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट ही की ते आकडे जगाला खुले आहेत. त्या पहिल्या लहरीची ३२ सेकंदांची फाईल साधारण एक एमबीची आहे. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंग व्हिडिओपेक्षा छोटी. ती वाचायचे प्रोग्रामही फुकट.

गेल्या डिसेंबरात मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या अकरा पोरांना ते करून दाखवायचं ठरवलं. मी तिथं तासिका तत्त्वावर होते. लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद, आणि ऐन वेळी लाईट गेली. मग मोबाईलचं हॉटस्पॉट आणि तीन लॅपटॉप. पोरं घोळक्यानं बसली. आधी नुसता गोंगाट, जाड गिचमिड रेघ. मग नको त्या कंपनसंख्या गाळल्या, आणि मधोमध ती छोटीशी चढत जाणारी लहर दिसली. ऐकू यावी म्हणून आवाजात बदलली. थेंब पडावा तसा आवाज. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, पुन्हा लावा." सात-आठ वेळा लावलं असेल.

तेवढ्यात कंधार तालुक्यातली एक पोरगी, वर्गात फार बोलत नाही ती, म्हणाली, "मॅडम, हे काम करणाऱ्याला पगार कोण देतं?"

मी काहीतरी गोलगोल उत्तर दिलं. फेलोशिप असते, प्रकल्प असतात, बाहेर संधी असतात. तिनं मान हलवली. पण तिला कळलं की मॅडमकडं उत्तर नाही.

कारण खरं उत्तर असं आहे: आपल्या चार जिल्ह्यांत कुणीच देत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाचे गुण मोजायचा तक्ता आहे. विज्ञानात एका शोधनिबंधाला ८ गुण. आंतरराष्ट्रीय पेटंटला १०, राष्ट्रीय पेटंटला ७. पुस्तकांना गुण आहेत, भाषांतराला आहेत, ई-साहित्याला आहेत, परिषदेत भाषण केलं तरी आहेत. संशोधनासाठी लिहिलेल्या, लोकांनी वापरलेल्या प्रोग्रामसाठी वेगळं शीर्षक नाही. म्हणजे मी सहा महिने बसून असा प्रोग्राम लिहिला की ज्यावर दहा जणांचे पेपर उभे राहिले, तर त्या दहा जणांना प्रत्येकी ८ गुण आणि मला शून्य. मग शहाणा माणूस काय करेल? प्रोग्राम घाईत उरकेल, कुणाला दाखवणार नाही, आणि पुढच्या पेपरला लागेल. तारखांच्या चुका मग अण्णा शोधतील.

हा प्रश्न दुसरीकडंही होता. ब्रिटनमध्ये अशाच अधांतरी लोकांनी २०१२ साली एका बैठकीत आपल्या कामाला नाव दिलं, रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर. विज्ञान कळणारा आणि प्रोग्राम नीट लिहिणारा माणूस. नाव मिळालं म्हणून मागणी करता आली, मागणी झाली म्हणून पदं निघाली. आज तिथल्या कित्येक विद्यापीठांत अशा लोकांचे गट आहेत. इतिहासाच्या विभागाला अडचण आली तरी ते जातात, शेतीच्या विभागाला आली तरी जातात. आपल्याकडं पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या संस्थांत प्रकल्पापुरती अशी माणसं घेतात. लायगोच्या आकड्यांसाठी आयुकात 'सारथी' नावाचा संगणकसमूहसुद्धा आहे. नांदेड-लातूरला काय आहे?

आपली लेकरं हुशार नाहीत असं तर कुणी म्हणणार नाही. लातूर पॅटर्ननं ते कधीच सिद्ध केलंय. बाहेरगावची पोरं लातूरला खोल्या करून राहतात ती काय उगीच? पण या सगळ्या यंत्रणेचं तोंड एकाच दिशेला आहे: नीट, एमबीबीएस, नाहीतर जेईई. ज्याचा नंबर लागला त्याचा फ्लेक्स. ज्याचा नाही लागला तो बीएस्सीला येतो, हरल्यासारखा. त्याला कुणी सांगतच नाही की फिजिक्स आणि प्रोग्रामिंग दोन्ही येणारा माणूस जगात कमी आहे.

आणि आपली जमीन मात्र अभ्यासाला नेहमीच कामाला येते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं, तेव्हा मी तीन वर्षांची होते. आमचाच तालुका. घरचे सांगतात ते ऐकून माहीत. नंतर अभ्यास करायला हैदराबादच्या एनजीआरआयचे शास्त्रज्ञ आले, तिकडचेही आले, परदेशातलेही आले. यायलाच पाहिजे होतं, त्यांचे उपकारच आहेत. पण तीस वर्षांनी, २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, तेव्हाही आमच्या गल्लीत व्हॉट्सॲपवर "रात्री मोठा येणार" फिरत होतं. नोंदी बघून लोकांना त्यांच्या भाषेत चार ओळी सांगणारं आपल्यातलं माणूस शोधावं लागत होतं. पाऊस आपला, विहिरी आपल्या, धक्के आपले, आता लायगोचं शिवारही आपलं. हिशोब दरवेळी बाहेरचा.

म्हणून विचारते, औंढ्याला आपली लेकरं काय म्हणून जाणार? गेटवर, कँटीनमध्ये, साहेबांची गाडी चालवायला? या कामांत कमीपणा नाही, माझा सख्खा मामेभाऊ ड्रायव्हर आहे. पण तेवढंच असेल तर ते आपलं अपयश आहे, लायगोचं नाही. यंत्र लेसरचं असलं तरी त्याला रोज लागणार आहेत आकडे वाचणारी माणसं. ती एका दिवसात तयार होत नाहीत. आत्ता बीएस्सी पहिल्या वर्षाला असलेली पोरं त्या वेळी पंचविशीत असतील.

मग करायचं काय? मला चार गोष्टी दिसतात.

एक. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांचं आहे. औंढाही त्यातच येतं. विद्यापीठात आणि लातूरच्या उपकेंद्रात मिळून संशोधन-प्रोग्रामरची चार-पाच पदं काढावीत. पूर्णवेळ, पगारी. एका विभागाची नाही, सगळ्या विभागांना उपयोगी पडतील अशी. एका इमारतीच्या रंगरंगोटीइतकाही खर्च नाही हा.

दोन. गुणांच्या तक्त्यात प्रोग्राम आणि आकडेवारीचे संच यांना जागा द्यावी. अट घाला: खुला हवा, वापरायची माहिती लिहिलेली हवी, दुसऱ्या कुणीतरी तो वापरलेला हवा. मग पेपरासारखा कचरा होणार नाही.

तीन. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून हे प्रात्यक्षिकात घ्यावं. आणि नुसतं पायथन शिकवून भागत नाही. भाषा सहा महिन्यांत येते, आता तर एआयही लिहून देतो. खरं कसब पुढचं आहे. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणं. उत्तर आधीच माहीत असलेलं छोटं उदाहरण देऊन प्रोग्रामची परीक्षा घेणं. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे ओळखणं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, यात दुष्काळाएवढा फरक आहे. आपल्या माघारी दुसऱ्याला तो प्रोग्राम चालवता येईल असं लिहून ठेवणं. आणि जिथले आकडे आहेत तिथल्या माणसाला ते दाखवणं. एआयनं माझ्या तारखा बरोबर वाचल्याही असत्या कदाचित. पण त्या रात्री हरभऱ्याला पाणी दिलं होतं, हे त्याला कुठून कळणार?

चार. पावसाचे, भूजलाच्या निरीक्षण विहिरींचे आकडे सरकारकडं आहेत. ते स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नको, प्रोग्रामला वाचता येतील अशा फाईलमध्ये द्या. आमचा अर्धा जन्म आकडे पुन्हा टाईप करण्यात चाललाय.

आता शेवटचं, जरा अवघड आहे.

पुण्याच्या एका कंपनीनं मला मागच्या वर्षी नोकरी देऊ केली होती. विम्याच्या आकडेवारीचं काम. तासिकेच्या मानधनाशी तुलनाच नको, आणि ते मानधनही आम्हाला वर्षभर नसतं. मी नाही म्हणले. लोक म्हणाले, मॅडम फार ध्येयवादी आहेत. तसं काही नाही. नवऱ्याचा पगार आहे, म्हणून नाही म्हणता आलं. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही तो कसा थांबेल? माझ्याबरोबरचे तिघं गेले. तिघंही माझ्यापेक्षा चांगले प्रोग्राम लिहायचे. त्यांना दोष देणार नाही. या जूनला कंपनीचा पुन्हा फोन आला, तर मी पुन्हा नाही म्हणेन असं आज छातीठोक सांगत नाही. पोरगी यंदा पहिलीत जाईल.

कंधारच्या त्या पोरीनं परवा मेसेज केला. माझा तारखांचा किस्सा ऐकून तिनं तिच्या गावाजवळच्या पर्जन्यमापकाचे दहा वर्षांचे आकडे तपासले. प्रोग्राम तिनं स्वतः लिहिलाय. तीन ठिकाणी रिकाम्या जागी शून्य धरलेलं सापडलं तिला. एक तर ऐन ऑगस्टमधला सबंध आठवडा. मेसेजच्या शेवटी लिहिलंय, "मॅडम, एमएस्सीला फिजिक्स घेऊ की एमसीए करून पुण्याला जाऊ? घरी विचारायलेत."

तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणी अधिसभा सदस्य असतील, आमदार असतील, प्राचार्य असतील, तर हे त्यांना वाचायला द्या. मला काय ते नका सांगू. तिला काय सांगू, तेवढं विचारा त्यांना.